‘तू पण बरी होशील’ असं मी तिला म्हटलं होतं

कऱ्हाडजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारीच्या इच्छेप्रमाणे नाव दिलेलं नाही, आणि पत्र थोडं आटोपशीर करून छापत आहे.

ताई,

माझं वय २३. बाराव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता, ए.एल.एल. म्हणतात तो. अडीच वर्षं मुंबईला ये-जा करून उपचार झाले. औषधं बंद होऊन आता आठ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका पेपरात माझा फोटो आला, वर मोठ्या अक्षरांत ‘कॅन्सरला हरवणारी वाघीण’. तेव्हापासून फोन थांबलेला नाही. कुणाच्या मुलाला, कुणाच्या भाचीला नुकतंच कळलेलं असतं. आईवडील रडत फोन करतात, मी बोलते. रविवारी जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये जाऊन मुलांना भेटते. मला ते मनापासून आवडतं.

तिथे नऊ वर्षांची एक मुलगी होती. माझाच आजार. फार जीव लावला होता तिनं. मी तिला माझा टकलाचा फोटो दाखवला आणि म्हटलं, ‘बघ, मी पण अशीच होते. तू पण बरी होशील.’ दिवाळीच्या आधी ती गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिची आई एवढंच म्हणाली, ‘तू तर म्हणाली होतीस.’ त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेले नाही. तिची रंगीत खडूंची पेटी माझ्या पिशवीत राहिली आहे.

आता पुढच्या महिन्यात एका कॉलेजनं प्रेरणादायी पाहुणी म्हणून बोलावलंय. मला खोटारडं वाटतं. माझी स्वतःची तपासणी मी दोन वर्षं चुकवली आहे. माझ्याकडे बघून इतकी माणसं धीर धरतात, माझ्यातच काही निघालं तर? आई म्हणते, ‘लग्नाच्या वयात ही पाटी गळ्यात कशाला?’ हे सगळं सोडून देऊ का? नाही सोडलं, तर मुलांना सांगायचं तरी काय?

तुमची एक वाचक

मुली,

आधी त्या एका वाक्याबद्दल बोलू. तुझं सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतंय.

‘तू पण बरी होशील’ हे वॉर्डात सगळेच म्हणतात. मावशी म्हणतात, सिस्टर म्हणतात, चहा घेऊन येणारा पोरगाही म्हणतो. त्यांच्या तोंडी तो आशीर्वाद असतो आणि आईबापही तो तसाच घेतात. तू म्हणालीस तेव्हा मात्र तुझ्या हातात तुझाच टकलाचा फोटो होता आणि डोक्यावर दाट केस होते. त्या आईला ते वाक्य लेखी दिल्यासारखं वाटलं. म्हणून ते तुझं चुकलं, असं मी स्पष्टच म्हणते. ‘छे गं, तुझं काही चुकलं नाही’ म्हणून मी तुझी समजूत काढली तर तुला ते पटायचं नाही, आणि पुढच्या मुलाच्या खाटेशी बसताना त्याचा उपयोगही व्हायचा नाही. पण चूक केवढी होती तेही नीट बघ. जो शब्द देणं तुझ्या हातात नव्हतं तो तू मायेपोटी दिलास, एवढीच. ती मुलगी गेली ती आजारानं. रात्री झोप लागत नाही तेव्हा या दोन गोष्टींची तुझ्या मनात गाठ बसत असणार. ती गाठ सोडव.

आणि तिची आई. तिनं भांडायचं तरी कुणाशी? आजाराशी भांडता येत नाही. डॉक्टरांपुढे तोंड उघडायची हिंमत नसते. घरातली माणसं स्वतःच कोलमडलेली असतात. तू समोर होतीस आणि आपली होतीस. असलं बोलणं माणूस परक्याला ऐकवत नाही.

आता ‘माझाच आजार’ या तुझ्या शब्दांकडे येऊ. फायलीवर नाव एकच असेल, पण आजार एकच असतो असं नाही. ए.एल.एल.मध्येही प्रकार आहेत. निदान झालं तेव्हा पांढऱ्या पेशी किती होत्या, मुलाचं वय काय, त्या पेशींमध्ये कोणते जनुकीय बदल सापडले, पहिल्या महिन्याच्या औषधांनी बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं) किती साफ झाला, हे सगळं पाहून डॉक्टर धोका कमी की जास्त ते ठरवतात. काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली असताना एखादा जंतुसंसर्ग गाठतो, ती आणखी वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि गरीब-मध्यम उत्पन्नाच्या बऱ्याच देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. तिकडची मुलं जास्त शूर असतात म्हणून हा फरक पडत नाही. इकडे निदान उशिरा होतं, औषध मिळत नाही, पैसे संपतात, आणि माणसं उपचार अर्धे टाकून गावी परततात.

म्हणून मला तो ‘वाघीण’ मथळा खटकला. लिहिणाऱ्यानं कौतुकानंच लिहिलं असेल. पण तू हरवलंस म्हटलं की ती हरली असं आपोआप होतं, आणि आपल्याकडे तर मृत्यूच्या बातमीतही ‘कॅन्सरशी झुंज अपयशी’ असं सर्रास छापतात. नऊ वर्षांच्या पोरीनं काय कमी केलं होतं गं? तोंडभर फोड आले असताना तिनंही गोळ्या गिळल्या असतील. पाठीत सुई टोचताना गुडघे पोटाशी घेऊन तीही तुझ्यासारखीच मुटकुळं करून पडली असेल. तू जे केलंस ते सगळं तिनं केलं. स्टेजवर तुला खोटारडं वाटतं म्हणतेस, त्याचं मूळ मला इथे दिसतं. ती गेली आणि मी राहिले, आणि राहिल्याबद्दल मला हार घालतायत, हे तुझ्या मनाला सोसत नाही. ते सोसत नाही हे मला तुझ्या चांगुलपणाचंच लक्षण वाटतं.

तुला टेरी फॉक्स या मुलाची गोष्ट ठाऊक आहे का? असली तरी पुन्हा ऐक, कारण ती सांगताना लोक अर्धीच सांगतात.

टेरी कॅनडाचा. १९७७च्या मार्चमध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. मग सोळा महिने केमोथेरपी. त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुझी वाचण्याची शक्यता निम्मी आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी हाच आकडा १५ टक्के असता. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. आपण आज बसलो आहोत ते आपल्या हिमतीवर नाही, मधल्या दोन वर्षांत कुणीतरी केलेल्या कामावर, हे त्याला उमगलं. आणि वॉर्डात आजूबाजूला त्याच्यापेक्षा लहान मुलं होती. त्यांचे चेहरे सोडून त्याला घरी जाता येईना. मग त्यानं ठरवलं की कृत्रिम पायावर सगळा देश पळत ओलांडायचा आणि संशोधनासाठी पैसे उभे करायचे.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथे त्यानं तो पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि निघाला. रोज जवळजवळ मॅरेथॉनइतकं अंतर, ४२ किलोमीटरच्या आसपास. इथपर्यंत सगळे सांगतात. आता उरलेली अर्धी ऐक. एक मित्र मागून व्हॅन चालवत होता. त्याच्याशी टेरीचे इतके खटके उडाले की दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि आईवडिलांना विमानानं येऊन समेट घडवावा लागला. पुढे धाकट्या भावाला सोबत घेतलं. म्हणजे ज्याला बघायला रस्त्याच्या कडेला गर्दी जमायची, तोही दमायचा, चिडायचा, आणि त्यालाही घरचं माणूस जवळ लागायचं. दुसरी गोष्ट तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची. पाय जिथे बसतो तिथे त्याला गळू व्हायचे, रक्त यायचं, घोटा दुखायचा, चक्कर यायची, आणि तरी तो वेळेवर तपासून घ्यायला तयार नसायचा. एवढी माणसं वाट बघतायत, थांबून कसं चालेल? १ सप्टेंबरला थंडर बे गावाबाहेर छातीत दुखू लागलं तेव्हा तो थांबला. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाले होते. कॅन्सर फुप्फुसांत गेला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना. तू आज आहेस तेवढाही तो झाला नाही.

आधी तपासलं असतं तर तो वाचला असता, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण लोकांच्या आशेचं ओझं खांद्यावर घेतलेला माणूस स्वतःच्या शरीराचं ऐकायचं कसं टाळतो, ते त्याच्यात दिसतं आणि तुझ्या पत्रातही दिसतं. एवढ्यासाठी ही गोष्ट तुला सांगितली.

आणखी एक सांगते. तो जाण्याआधीच, १९८१च्या फेब्रुवारीत, जमलेली रक्कम २ कोटी ४० लाख डॉलरांवर गेली होती. कॅनडातल्या माणशी एक डॉलर व्हावा अशी त्याची इच्छा होती, तेवढी झाली. आता मला सांग, टेरी हरला असं तुझ्या तोंडून निघेल का?

त्याच्या धावण्यातला सगळ्यात मोठा क्षण कुठला होता, ठाऊक आहे? टेरेस बे नावाच्या गावी दहा वर्षांचा एक मुलगा त्याला भेटला. त्याच आजारानं त्याचाही पाय गेला होता. टेरी पळत होता आणि तो मुलगा त्याच्या मागोमाग सायकल चालवत होता. नंतर दोघं तळ्यात पोहले. त्याच्याबद्दल बोलताना टेरीला रडू आवरलं नाही. ज्याच्यापासून सगळा देश धीर घेत होता, त्याला धीर दिला त्या पोरानं. तूही त्या नऊ वर्षांच्या मुलीकडून काहीतरी घेतलं असशील. ते काय होतं ते आठव, आणि वाटलं तर कुठेतरी लिहून ठेव.

आता तुझा शेवटचा प्रश्न. मुलांना सांगायचं काय?

माझ्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा असताना त्यालाही हाडाचा कॅन्सर झाला होता. पाय काढायचं ठरलं. तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्ही सगळ्यांनी बोलून पाहिलं. त्याचे सर आले, त्यांनी अर्धा तास मोठमोठ्या माणसांची उदाहरणं दिली. हा हलला नाही. चौथ्या दिवशी फॉलोअपला आलेला एक मुलगा वॉर्डात डोकावला, विशीचा असेल. खाटेवर बसला, पँट वर केली, पट्टा सोडला आणि आपला पाय काढून सरळ चादरीवर ठेवला. म्हणाला, ‘इथे घासतं बघ. आधी पावडर लावायची, मग मोजा, मोज्याला सुरकुती राहू द्यायची नाही. सुरकुती राहिली की संध्याकाळी फोड.’ दहा मिनिटं तो मोज्यावर बोलत होता. माझा भाचा वळला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू आला. त्यानं विचारलं, ‘पावसात काय करतोस?’ तो मुलगा म्हणाला, ‘वरून दुधाची पिशवी बांधतो.’ आणि दोघं हसले.

त्यानं ‘तू बरा होशील’ असं एकदाही म्हटलं नाही. तो मुलगा आता कुठे असतो मला ठाऊक नाही, पण तो मोजा मी विसरलेले नाही.

तुझ्याकडे असे मोजे भरपूर आहेत. केमोचं ते लाल औषध चढवल्यावर लघवी लालसर होते आणि मूल घाबरतं, आईला वाटतं रक्तच. ते औषधाच्या रंगानं होतं हे तू आदल्या दिवशीच सांगू शकतेस. स्टिरॉइडच्या दिवसांत रात्री दोन वाजता भूक लागते आणि तोंड चंद्रासारखं गोल होतं, औषध थांबल्यावर उतरतं. पाठीतल्या सुईनंतर डॉक्टर सांगतील तेवढा वेळ सपाट पडून राहावं लागतं, तेव्हा ऐकायला गोष्टी तयार ठेवायच्या. घरी असताना ताप आला की सकाळपर्यंत थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचा एक का वाजलेला असेना. उपचारासाठी जाताना हॉस्पिटलचा दाखला दाखवला की कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरचं आणि थ्री-टियर एसीचं भाडं पडत नाही, आणि सोबतच्या माणसाला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. मुंबईला जायचं असेल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. लहान मूल असेल तर सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत, तिथे आईवडिलांसह राहायची सोय होते आणि भाडं घेत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी हॉस्पिटलातल्या कुणाला गाठायचं, हे तुझ्याइतकं कोण सांगेल? पैशांनी आणि प्रवासानं जेरीला आलेलं घर अशा एका माहितीवर चार महिने तग धरतं आणि उपचार सोडायचा विचार लांबतो.

आणि कुणी विचारलंच, ‘आमची बरी होईल ना गं?’ तर तुझ्याकडे खरं उत्तर आहे. ‘माझं असं असं झालं. तुमच्या बाळाचं पुढे काय ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाच विचारू. पण पुढचा मंगळवार कसा जातो ते मला माहीत आहे, आणि त्याला मी मदत करू शकते.’ हे वाक्य घरी आरशासमोर दोनचारदा म्हणून बघ. पहिल्यांदा फार कोरडं वाटेल. समोरच्याला ते तसं वाटत नाही, कारण त्या दिवसांत त्याच्याशी खरं बोलणारी माणसं कमी झालेली असतात.

मुलानंच विचारलं, ‘मी मरणार का?’ तर ते वाक्य मोडू नकोस, विषय बदलू नकोस, आणि लगेच उत्तरही देऊ नकोस. ‘असं कधी वाटतं तुला?’ एवढं विचार आणि ऐक. पुष्कळदा मुलाला वेगळीच भीती असते. रात्री आई दिसली नाही, शेजारची खाट एकदम रिकामी झाली, कुणी काही सांगितलं नाही. ऐकलेलं तिथल्या समाजसेविकेला किंवा डॉक्टरांना सांग. एकटीच्या मनात ठेवायची ती गोष्ट नाही.

काही बंधनं मी तुला घालणार आहे, मोठेपणाच्या हक्कानं. हॉस्पिटलच्या परवानगीनं आणि समाजसेवा विभागामार्फतच जा, स्वतःच्या ओळखीवर नको. कुणाचे रिपोर्ट वाचून मत देऊ नकोस, औषध सुचवू नकोस, दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवू नकोस. सर्दी-खोकला असेल तर त्या रविवारी जाऊच नकोस, काउंट्स खाली असलेल्या मुलाला तुझी साधी सर्दीही महागात पडते. फोनची वेळ ठरव. रात्री नऊनंतर फोन बंद ठेवलास तर कुणाचं काही अडत नाही, त्यांना हॉस्पिटलचा नंबर दिलेला असतो. आणि एखाद्या महिन्यात नकोच वाटलं तर जाऊ नकोस, कारण द्यायचीही गरज नाही.

सोडून देऊ का, असं विचारतेस. आत्ता काही ठरवू नकोस. थोडी थांब. थांबण्याआधी मात्र एक काम कर, आणि या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी हे विसरू नकोस.

तपासणीला जा. या आठवड्यात वेळ घे.

उपचार संपून आठ वर्षं झाल्यावर तोच रक्ताचा कॅन्सर परत येण्याची शक्यता फार थोडी उरते. मग बोलावतात कशाला? औषधांनी मागे काय ठेवलं ते बघायला. ते लाल औषध हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं आणि तो वर्षानुवर्षं काही त्रास न देता आत राहू शकतो, म्हणून ठरावीक काळानं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. स्टिरॉइडमुळे खुब्याचं हाड कमकुवत झालेलं असू शकतं. वजन, रक्तदाब, साखर, आणि डोक्याला किंवा मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड. यातलं बरंचसं वेळेवर कळलं तर सांभाळता येतं. तुझे उपचार कुठे झाले ते तू लिहिलेलं नाहीस, जिथे झाले तिथेच जा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना १९९१पासून चालतो, ए.सी.टी. क्लिनिक म्हणतात त्याला. कुठेही गेलीस तरी कोणती औषधं किती मात्रेत मिळाली याचा सारांश लिहून माग आणि त्याची प्रत घरी ठेव. पुढे लग्न करून दुसऱ्या गावी गेलीस, बाळंतपण आलं, तर तिथल्या डॉक्टरांना तो कागद लागेल.

‘माझ्यातच काही निघालं तर?’ निघालं तर तुझ्यावर उपचार होतील. त्या मुलांना तू खोटी ठरशील असं तुला वाटतं, कारण कुणीतरी तुला पुरावा करून ठेवलंय. बारा वर्षांची होतीस, तुझ्या मॅरोनं औषधांना दाद दिली, चांगले डॉक्टर मिळाले, आईबाबांनी कर्ज काढून का होईना पण ये-जा थांबवली नाही. तू वाचलीस, शिकलीस, आता लोकांसाठी धावतेस. यातलं काहीच उद्याच्या रिपोर्टनं पुसलं जात नाही.

तुझ्यासारखी मुलं-मुली महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि तू एकटीच हे वाहतेस याचं मला वाईट वाटतं. लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या तरुणांचा ‘उगम’ नावाचा गट आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीनं २००९मध्ये सुरू केलेला. तिथे विचार. ‘ती गेली आणि मी राहिले’ हे वाक्य तिथे पूर्णही करावं लागणार नाही, पहिल्या दोन शब्दांतच समोरच्याला कळेल. आणि रात्री फारच जड झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर बोल. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात.

आईबद्दल थोडंच लिहिते. तिच्यावर रागावू नकोस. अडीच वर्षं ती तुझ्या उशाशी बसली, तिला आता त्या आठवणीपासून लांब जायचंय, आणि त्या भीतीला तिनं लग्नाचं नाव दिलंय. पण पाटी लपवायचा सल्ला मात्र ऐकू नकोस. स्थळ पुढे सरकायच्या आधी एकदा, शांतपणे, सगळं सांगायचं. हा आजार संसर्गानं होत नाही. मूल होण्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेव, ए.एल.एल.मधून बऱ्या झालेल्या बहुतेक मुलींना अडचण येत नाही, पण कोणती औषधं आणि रेडिएशन मिळालं यावर ते ठरतं. हे ऐकून जे मागे फिरतील त्यांना फिरू दे. तपासणीला आईलाच सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तिचीही झोप थोडी परत येईल.

कॉलेजला जायचं की नाही ते तू ठरव, नाही म्हणालीस तरी काही बिघडत नाही. गेलीस तर तुझी कहाणी पाच मिनिटांत आवर आणि समोरच्या पोरांना कामाला लाव. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, काढल्यापासून पाचच दिवस टिकतात, त्याहून जास्त साठवून ठेवता येत नाहीत, आणि केमो चालू असलेल्या मुलाला त्या अचानक लागतात. यंत्रावर बसून नुसत्या प्लेटलेट्स देता येतात, तास-दीड तास लागतो, बाकीचं रक्त अंगात परत येतं. अठरा वर्षं पूर्ण झालेली, निरोगी, वजनात बसणारी किती मुलं त्या सभागृहात असतील! जवळच्या रक्तपेढीतल्या माणसाला सोबत ने, दाराशी वही ठेव, नावं आणि रक्तगट लिहून घे. शिक्षकांनाही एक सांग. वर्गातलं मूल महिनाभर फिकट दिसत असेल, ताप परत परत येत असेल, न पडता अंगावर निळे डाग उठत असतील, पाय दुखतात म्हणून खेळायला जात नसेल, तर पालकांना रक्त तपासायला सांगा. त्या मुलीबद्दल स्टेजवरून बोलू नकोस. ती तिच्या आईची गोष्ट आहे.

राहिली खडूंची पेटी. ती परत द्यायला जा, पण एकदम दारात उभी राहू नकोस. आधी निरोप पाठव, ‘मावशी, तिची पेटी माझ्याकडे आहे, आणून देऊ का?’ उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा विचार, मग थांब, पेटी जपून ठेव. बोलावलं तर जा आणि माफीचं भाषण करू नकोस. ‘मी म्हणायला नको होतं’ एवढं एकदा म्हण. मग त्या मुलीबद्दल बोल, नावानं. एव्हाना त्या घरी तिचं नाव घेणारं कुणी उरलेलं नसेल, सगळे जपून बोलत असतील. कुठला रंग ती आधी संपवायची ते तुला माहीत असेल, पेटी उघडलीस की दिसेलच. ते तिच्या आईला सांग.

तपासणी झाली की मला दोन ओळी लिही. मी वाट बघते.

तुझी,
ताई